पांढऱ्या कडेचा पानओवा : लागवड, निगा आणि स्वयंपाक

गच्चीवरची (ठाणे) :
हिरवा पानओवा आपल्याकडे कितीतरी घरांत असतो. तुळशीशेजारी, टाकीखाली, जिथे फांदी खोचाल तिथे जगतो. त्याचाच पांढऱ्या कडेचा प्रकार आता नर्सऱ्यांमध्ये सर्रास मिळतो. मध्ये हिरवं, भोवती दुधी पांढरी किनार, पान तसंच जाड, लवदार आणि कातरलेल्या कडांचं. चोळलं की तोच ओव्याचा घमघमाट. पण बहुतेक जण तो शोभेचा म्हणून आणतात आणि त्याचं एक पानही खात नाहीत. "पांढरं पडलंय म्हणजे रोगट असणार", "शोभेचं झाड आहे, पोटात जायला नको" असं इतक्या जणांकडून ऐकलं की हा धागा काढावासा वाटला.

आधी स्पष्ट सांगते. हे झाड खाण्याचंच आहे. हिरव्या पानओव्याचाच हा रंगभेद आहे, जात तीच. हिरवी पानं जिथे वापरता तिथे ही सगळीकडे चालतात. फक्त वाढवताना त्याच्याकडे हिरव्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं आणि त्याबद्दलच मला इथल्या जाणत्यांशी बोलायचं आहे.

माझ्या कुंडीत सध्या एक जाडजूड फांदी पूर्ण हिरवी निघाली आहे आणि ती बाकीच्यांपेक्षा झपाट्याने वाढते आहे. तिचं काय करावं? पावसाळ्यात हा प्रकार टिकवायचा कसा? आणि स्वयंपाकात भजीच्या पुढे कोण कोण गेलं आहे? सविस्तर लिहा, घाई नाही.

मोगराकळी :
भजीच्या पुढे का जायचं? :) पण खरंच, मला वाटायचं ही वेगळीच जात आहे. नर्सरीवाल्याने मला "शोवाला ओवा" म्हणून दिला होता. उद्याच तोडते.

पेशीभित्ती (पुणे) :
गच्चीवरची ताई, ती हिरवी फांदी आजच कापा. कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी विचारायची गरज पडणार नाही.

पानाची पांढरी कड हा रोग नाही आणि खतपाण्याची कमतरताही नाही. फांदीच्या शेंड्याशी पेशींचे थर एकावर एक असतात. पानाची कड मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या थरांपासून घडते आणि मधला भाग आतल्या थरापासून. या झाडात बाहेरच्या एका थरातल्या पेशींना हरितद्रव्य तयार करता येत नाही, आतल्यांना येतं. म्हणजे एकाच झाडात दोन वेगळ्या घडणीच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. वनस्पतिशास्त्रात याला काइमेरा म्हणतात. पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही, तो हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. म्हणूनच हे झाड हिरव्या पानओव्यापेक्षा सावकाश वाढतं.

आता कधी कधी आतल्या थरातल्या पेशी बाहेरच्या थरात शिरतात आणि तिथून निघालेला डोळा पूर्ण हिरवा होतो. त्या फांदीकडे अन्न तयार करायला सगळं पान उपलब्ध असतं, त्यामुळे ती जोरात पळते आणि बघता बघता सगळी कुंडी हिरवी होते. लोक म्हणतात झाडाने रंग बदलला. झाडाने रंग बदललेला नसतो, हिरव्या फांदीने बाकीच्यांना मागे टाकलेलं असतं. नुसता शेंडा खुडून उपयोग नाही, ती जिथून फुटली त्या पेरापर्यंत खाली जाऊन कापायची. कापलेली फांदी टाकू नका, दुसऱ्या कुंडीत लावा, उत्तम साधा पानओवा मिळेल.

उलटही होतं. एखादी फांदी पूर्ण पांढरी निघते. दिसायला फार देखणी असते, फोटो काढायचा मोह होतो, पण तिची कलम कधी जगत नाही कारण तिच्याकडे अन्न तयार करायला काहीच नाही. ती मूळ झाडावर असेपर्यंतच जगते आणि झाडाला तिचा भारच असतो. खुडा आणि भाजीत घाला.

बियांमधून ही किनार पुढच्या पिढीत येत नाही. रोप करायचं तर खोडाच्या फांदीपासूनच करायचं आणि तीही जिच्या सगळ्या पानांवर किनार नीट उमटली आहे अशी निवडून.

गच्चीवरची :
पेशीभित्ती, किती नीट समजावलंत! फांदी कापली आणि दुसऱ्या कुंडीत लावलीही. किनार उमटायला उन्हाचा काही संबंध असतो का? सावलीत ठेवलेलं झाड जरा वेगळं दिसतं.

पेशीभित्ती :
किनार असणं नसणं उन्हावर ठरत नाही, पण दिसणं ठरतं. अंधाऱ्या जागी पेरांमधलं अंतर वाढतं, फांद्या लांबुडक्या आणि लुळ्या होतात, पानं मोठी पण पातळ येतात आणि वासही उतरतो. चांगला उजेड मिळाला की झाड बुटकं, गच्च राहतं. थंडीत आणि कडक उजेडात काही पानांच्या पांढऱ्या कडेवर गुलाबी-जांभळी झाकही येते, ती बघून घाबरू नका.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पानं फुगतात, पाणीदार होतात, वास कमी होतो. महिन्यातून मूठभर गांडूळखत पुरे.

काळीआई (सोलापूर) :
पेशीभित्तींना पुस्ती जोडतो. "चांगला उजेड" हे पुण्याला ठीक. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा हिरवा पानओवा तग धरतो, पण याची पांढरी कड करपून कागदासारखी तपकिरी होते. पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही. सकाळचं दहापर्यंतचं ऊन द्यायचं आणि मग आडोसा. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी असेल तर दिवसभर जाळीखाली ठेवलं तरी चालतं. दुपारी पानं जरा मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतायचं नाही. संध्याकाळी ती आपोआप ताठ होतात. माती दोन बोटं खोल कोरडी लागली तरच पाणी.

वाडीतला (रत्नागिरी) :
पावसाळ्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, कोकणात हाच मुख्य प्रश्न आहे. हे झाड मूळचं आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागातलं, कोरड्या, खडकाळ जागांचं. जाड पानात आणि रसाळ खोडात ते पाणी साठवून ठेवतं. त्याला आपल्याकडच्या आषाढात उघड्यावर ठेवलं तर खोड बुंध्याशी काळं पडून मऊ होतं आणि एका आठवड्यात झाड बसतं. हिरवा प्रकार त्यातूनही एखाद्या फांदीवर परत उभा राहतो. पांढऱ्या कडेच्याचा तेवढा जोर नसतो.

आमच्याकडे मे संपता संपता कुंड्या पागोळीच्या आत, पडवीत घेतात. उजेड येतो, पाऊस येत नाही. मातीच्या मिश्रणात एक भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग जांभ्याची बारीक खडी किंवा जाड वाळू. जांभा नसेल तिथे विटांचा चुरा चालेल. कुंडीच्या बुडाशी भोक मोठं हवं आणि कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी अडत नाही. पाऊस सुरू होण्याआधी दोन-चार कलमं करून ठेवायची, हा सगळ्यात मोठा विमा. श्रावणात गोगलगाई येतात, त्यांना ही पानं आवडतात. रात्री टॉर्च घेऊन वेचून काढायच्या, दुसरा उपाय आम्ही करत नाही.

मोगराकळी :
कलम करायची पद्धत कोणी सांगेल का? मी पाण्यात फांदी ठेवली आहे, मुळं येतील ना?

वाडीतला :
पाण्यात येतात, सहज येतात. पण पाण्यातली मुळं नाजूक असतात, मातीत लावल्यावर झाड काही दिवस रुसतं. थेट मातीतच लावा. साधारण १० ते १२ सेंटीमीटरचा शेंडा, पेराच्या खाली कापायचा. खालच्या दोन जोड्या पानं काढून टाकायची (ती स्वयंपाकात). काप सावलीत काही तास सुकू द्यायचा, म्हणजे तो बंद होतो आणि कुजत नाही. मग ओलसर, वाळूमिश्रित मातीत दोन पेरं आत जातील असा खोचायचा. मुळांची पावडर वगैरे काही लागत नाही. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी दोन-तीन आठवड्यांत धरतं, थंडीत जास्त वेळ घेतं. वर प्लास्टिकची पिशवी घालून कोंडू नका, याला कोंदट हवा सोसत नाही.

आणि एक. जुनं झाड दर वर्षी बदलायचं. खोड लाकडी झालं की खालून उघडं पडतं, पानं फक्त टोकाला राहतात. त्याच कुंडीत त्याच्याच शेंड्यांची कलमं गोल लावली की पुन्हा दाट.

पळसपान (नागपूर) :
धागा वाचून नर्सरीत जाणाऱ्यांना कळकळीची विनंती. पांढऱ्या कडेचं आणखी एक झाड टांगत्या कुंड्यांमध्ये विकलं जातं आणि विकणारे दोन्हींना एकच नाव सांगतात. तेही याच कुळातलं आहे, म्हणून खोड चौकोनी, पानं समोरासमोर, कडा कातरलेल्या, किनार पांढरी. पण त्याचं पान पातळ असतं, फांद्या कुंडीबाहेर लोंबत वाढतात आणि चोळल्यावर ओव्याचा वास येत नाही, काहीसा गवती किंवा पुदिन्यासारखा येतो. ते खाऊ नका.

ओळखायची खूण एकच पक्की धरा. पान बोटांत दाबल्यावर मोडेल इतकं जाड, हाताला लव लागली पाहिजे, आणि ओव्याचा वास हातावर बराच वेळ राहिला पाहिजे. पांढरा भाग वेगळा चोळून बघा, त्यालाही वास असतो. यात शंका असेल तर ते झाड शोभेपुरतंच ठेवा.

नावांचाही घोळ आहे. हिंदीत पानओव्याला पत्थरचूर म्हणतात आणि त्याच नावाने पानफुटीही विकतात. पानफुटीचं पान जाड असलं तरी गुळगुळीत असतं, बिनवासाचं असतं आणि त्याच्या कडेवर छोटी रोपं फुटतात. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. तिची भजी कोणी करू नये.

पेशीभित्ती :
पळसपान, फार महत्त्वाचं लिहिलंत. शोधताना उपयोगी पडेल म्हणून शास्त्रीय नावही देतो : कोलियस अँबोइनिकस. १७९० मध्ये लोरेरो या पोर्तुगीज जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच नाव दिलं होतं. मधल्या काळात त्याला प्लेक्ट्रँथस अँबोइनिकस म्हणत आणि २०१९ च्या फेरमांडणीत ते पुन्हा कोलियसमध्ये आलं. पाट्यांवर आणि पुस्तकांत अजून दोन्ही नावं आढळतात, झाड एकच. आपल्या डब्यातला ओवा मात्र कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला, याचा त्याच्याशी नात्याने काही संबंध नाही. दोघांचा वास जुळतो तो सुगंधी तेलातल्या घटकांमुळे. ओव्यात थायमॉल मुख्य, पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, त्यांचं प्रमाण झाडागणिक बदलतं.

शेपूट (नाशिक) :
घरात कुत्रा किंवा मांजर असणाऱ्यांनी कुंडी उंचावर ठेवा. माणसाला चालतं ते त्यांना चालत नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीत हे झाड कुत्र्या-मांजरांसाठी विषारी म्हणून नोंदवलेलं आहे. उलट्या, जुलाब होतात. आमच्या बोक्याला त्या लवदार पानांचं भलतंच आकर्षण आहे म्हणून मी ती टांगूनच टाकली.

गच्चीवरची :
शेपूट, हे मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद.

आणखी एक गोष्ट मी माझ्याकडून जोडते. नर्सरीतून आणलेल्या झाडाची पानं लगेच खाऊ नका. शोभेची झाडं म्हणून त्यांच्यावर कसली फवारणी झाली असेल ते आपल्याला कळत नाही आणि काही औषधं झाडाच्या आत भिनतात, धुऊन जात नाहीत. त्या झाडाचे शेंडे कलम करून लावावेत आणि त्यावर पुढे जी नवी पानं येतील ती स्वयंपाकाला घ्यावीत. दोन महिने धीर धरावा लागतो, पण मग निर्धास्त खाता येतं.

आता कोणीतरी स्वयंपाकघरात चला.

सुगरणवाटी :
आले! भजीपासूनच सुरुवात करते, कारण ओव्याच्या पानांची भजी सगळे करतात पण बऱ्याचदा ती तेलकट, मऊ पडतात. पानात पाणी भरपूर असतं, त्यामुळे सगळा खेळ पान कोरडं करण्यात आहे. धुऊन पंचावर पसरायची आणि प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी टिपायचं. लवेत पाणी अडकून राहतं.

२० मध्यम पानांना एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, अर्धा-पाऊण चमचा तिखट, मीठ, आणि कडकडीत तेलाचं एक मोठा चमचा मोहन. पाणी बेताने, पीठ पानाला चिकटून राहील इतपत दाट. सोडा घालायची गरज नाही. पिठात ओवा अजिबात घालायचा नाही, पानाचा सुगंध मरतो. तेल मध्यम तापलेलं हवं. फार तापलं तर वरून लाल होतं आणि आत पान कच्चं, उग्र राहतं.

पानं फांदीच्या टोकापासून दुसरी-तिसरी जोडी घ्यायची. कोवळा शेंडा पिठात विरघळून जातो आणि बुंध्याजवळची जून पानं घशाला चरचरतात. पांढऱ्या कडेच्या पानाची भजी दिसायला काही वेगळी होत नाहीत, पिठात सगळं झाकलंच जातं. पण चव मला त्याची जरा सौम्य लागते. घरात मुलं उग्र म्हणून हिरवं पान नाकारत असतील तर याच्यापासून सुरुवात करा.

काळीआई :
आमच्याकडे भजीच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ जातं. कुरकुरीत राहतात, सुगरणवाटी, करून बघा.

कुमठेकरीण (कारवार) :
मी इतका वेळ वाट बघत होते कोणी तंबळीचं, म्हणजे ताकातल्या गार कालवणाचं, नाव काढतं का. कर्नाटकात या पानाला दोड्डपत्रे किंवा सांब्राणी सोप्पु म्हणतात आणि आमच्या किनाऱ्याच्या भागात उन्हाळ्यात जेवणात तंबळी असतेच. मराठी घरांत हे पान तळणीतच अडकलं आहे याची मला खंत वाटते, कारण त्याचा खरा स्वाद ताकात उघडतो.

१२ ते १५ पानं हाताने तोडून घ्या. लहान चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरं आणि सहा-सात मिरी परता, मग त्यातच पानं टाका. पानं पाणी सोडतात आणि आक्रसतात, रंग हिरव्याचा मेंदीसारखा होतो, तिथे थांबा. पांढरी कड यात पारदर्शक होऊन दिसेनाशी होते. गार झाल्यावर अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखं बारीक वाटा. त्यात दोन वाट्या ताजं, आंबट नसलेलं ताक आणि मीठ. वरून तुपाची मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी. झालं. तंबळी गरम करायची नाही, उकळायची तर मुळीच नाही. गरम भातावर गार तंबळी वाढायची.

पानं तुपात परतायची यालाही कारण आहे. या पानाचा सुगंध तेलकट पदार्थात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. नुसती पानं वाटून ताकात कालवली तर ताक उग्र लागतं आणि वास वरवर राहतो. तुपात परतलं की उग्रपणा जातो आणि सुवास राहतो.

हीच वाटलेली गोळी ताकाऐवजी चिंच, गूळ आणि तेलात परतलेल्या उडदाच्या डाळीबरोबर वाटली की चटणी. दोशाबरोबर, भाकरीबरोबर, कशाबरोबरही.

गच्चीवरची :
कुमठेकरीण ताई, आज दुपारी केली. घरातल्यांनी वाटीला तोंड लावून प्यायली. मी मिरी जरा कमी घातली. आता तुमची चटणी करायची आहे. डाळ किती घालायची?

कुमठेकरीण :
वा! १५ पानांना एक मोठा चमचा उडीद डाळ पुरे. डाळ खमंग लाल होऊ द्या, तिचा खरपूस वास पानाला धरून ठेवतो. सुकी मिरची दोन-तीन, चिंच बोराएवढी. वाटताना पाणी कमीत कमी.

मेकाँगकाठी :
मी नोकरीनिमित्त व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरात राहतो. इथल्या भाजीबाजारात हे पान जुडीने मिळतं, हुंग चान्ह म्हणतात. पहिल्यांदा वास घेतला आणि थेट आजोळच्या परसात पोचलो. इथे घरोघरी खोकल्यावर देतात. पानं, खडीसाखर आणि छोटी आंबट लिंबवर्गीय फळं एकत्र वाफवून त्याचा रस चमच्याने घ्यायचा. माशाच्या पदार्थांतही बारीक चिरून घालतात. शेजारच्या मावशींच्या कुंडीत पांढऱ्या कडेचा आहे आणि त्या दोन्ही सारखेच वापरतात.

त्रिनिदादमध्येही हे पान घरगुती हिरव्या वाटणात जातं, लसूण, कांद्याची पात, मिरची यांच्याबरोबर. ते वाटण मासे आणि मटणाला आधी चोळून ठेवतात. मासे-मटण खाणाऱ्यांनी हा मार्ग जरूर बघावा.

वाडीतला :
मेकाँगकाठी, आमच्या घरी पापलेटच्या हिरव्या वाटणात कोथिंबिरीबरोबर याची दोन पानं जातात. दोनच. तिसरं पडलं की मासा मागे राहतो आणि ओवा पुढे येतो.

मोगराकळी :
खोकल्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, लहान मुलांना देतात का? सासूबाई पान तव्यावर गरम करून रस मधातून द्या म्हणतात.

औषधवेल :
मी परिचारिका आहे, म्हणून उत्तर देते. पान गरम करून रस काढायची पद्धत केरळातही घराघरांत आहे, तिथे पनिकूर्क्का म्हणतात. मोठ्या मुलाला साध्या सर्दीत चमचाभर रस दिला तर घशाला बरं वाटतं. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. आणि मूल जोरजोरात श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध किंवा पाणी पीत नसेल तर पान, रस, वाफ सगळं बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरकडे न्या. गरोदर असाल तर औषधासारखा रोज रस घेऊ नका. जेवणातली चार पानं वेगळी आणि रोजचा पेलाभर काढा वेगळा.

मोगराकळी :
माझी अकरा महिन्यांची आहे. बरं झालं विचारलं. सासूबाईंनाही हे वाचून दाखवते, त्या ऐकतील.

सुगरणवाटी :
थालीपिठाचं राहिलं की! दोन वाट्या भाजणीला आठ-दहा पानं अगदी बारीक चिरून. चिरल्यावर मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, पाणी सुटेल, त्याच पाण्यात भाजणी भिजवा, वरून लागेल तेवढंच पाणी घ्या. आधीच भरपूर पाणी घातलं तर पीठ नंतर सैल होतं आणि थालीपीठ थापता येत नाही. कांदा घाला, तीळ घाला, ओवा वगळा. पराठ्याच्या कणकेतही असंच.

वरणालाही छान. तुरीचं साधं वरण शिजून घोटून झालं की तुपात दोन पानं चुरून, लसूण आणि जिरं, अशी फोडणी शेवटी वरून द्यायची. वरणाबरोबर पानं शिजवली तर वास वाफेबरोबर निघून जातो.

पळसपान :
जास्त पानं आली तर साठवायची कशी? मी सावलीत वाळवायला ठेवली तर काळी पडली आणि काहींना बुरशी आली. नागपूरच्या हवेत असं होतं म्हणजे कोकणात तर बोलायलाच नको.

सुगरणवाटी :
पान रसाळ आहे, मेथीसारखं वाळत नाही. वाळवायचंच असेल तर उन्हाळ्यात, चिरून, एकेरी पसरून, पंख्याखाली. पण चव अर्धी राहते. त्यापेक्षा तुपात परतून, मीठ घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये फ्रीझरला गोठवायचं. एक वडी म्हणजे एका वेळची तंबळी किंवा वरणाची फोडणी. पानं तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवायची पद्धत कोणी करत असेल तर कृपया बंद करा. ओलं पान तेलाखाली हवेशिवाय राहिलं की त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. आत्ता औषधवेलने लिहिलेला बोट्युलिझम त्यांच्यामुळेच होतो.

काळीआई :
पिठ्या ढेकणाचं कोणी लिहिलं नाही. पेराच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात ते. या प्रकारात पानच पांढरं असल्यामुळे सुरुवातीला दिसून येत नाहीत, म्हणून पानं उलटून बघायची सवय ठेवा. थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढा. जास्त असतील तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब, नीट हलवून संध्याकाळी फवारा. फवारल्यावर आठवडाभर पानं खाऊ नका, आणि खाताना धुऊन घ्या. मुंग्यांची रांग कुंडीकडे लागली असेल तर ढेकूण आहेत असं समजाच.

थंडगाव (न्यूजर्सी) :
इथे बाहेर हे झाड फक्त उन्हाळ्यात जगतं. रात्रीचं तापमान १० अंशांखाली जायला लागलं की आत घ्यावं लागतं, गोठलं तर संपलं. दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवते, पाणी निम्म्याहून कमी करते. हिवाळ्यात वाढ जवळपास थांबते आणि तेव्हा पानं खुडू नयेत, झाडाकडे भरून काढायला उजेडच नसतो. एप्रिल-मेमध्ये परत भरभरून येतं. गंमत म्हणजे इथल्या नर्सरीत ते क्यूबन ओरेगॅनो या नावाने शोभेच्या झाडांमध्ये असतं. इथल्या मराठी मैत्रिणींनो, तिथे शोधा.

भारतातून फांदी सामानात आणू नका. रोपांना कागदपत्रं लागतात, विमानतळावर काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो.

मोगराकळी :
गच्चीवरची ताई, तुमच्या झाडाची फांदी मिळेल का? माझ्याकडचं पळसपान यांनी लिहिलेलं ते लोंबतं झाड निघालं. वास मुळीच येत नाही.

गच्चीवरची :
अगं नक्की. तू मुंबईत असशील तर ठाण्याला ये, नाहीतर कुरियरने पाठवते. वाडीतले दादा, कुरियरला फांदी ओल्या कापडात गुंडाळायची ना?

वाडीतला :
नको, ओलं अजिबात नको, वाटेत कुजेल. शेंडे आदल्या दिवशी कापून ठेवा, काप सुकू द्या. प्रत्येक फांदी कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. तीन-चार दिवस सहज टिकते, पानात पाणी असतं. किनार ठळक असलेल्या चार-पाच फांद्या पाठवा, म्हणजे दोन तरी धरतील. मोगराकळी, मिळाल्यावर जरा मलूल दिसतील. पाण्यात टाकू नका, सरळ मातीत लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

मोगराकळी :
ताई, तुम्हाला खासगी निरोप पाठवला आहे, पत्ता तिथे दिलाय. माती आणि विटांचा चुरा आजच आणून ठेवते.